उसने विरजण

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीच्या मुलींनी ‘रेट्रो’ नावाचा कार्यक्रम बसवला. हा शब्द मला नवा होता. मुलींनीच तो समजावून दिला. जुन्या सिनेमातल्या नट्यांसारखे कपडे घालायचे, तसेच केस करायचे आणि जुन्या गाण्याच्या तालावर रंगमंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचे, म्हणजे रेट्रो. शाळेत मी शिवणकाम शिकवते, तेव्हा पोशाखांचे काम ओघानेच माझ्याकडे आले. तालमीच्या तिसऱ्या दिवशी एक मुलगी कपाळावर केस कापूनच वर्गात आली. एका हाताने तिने फोनवरचे छायाचित्र आपल्या चेहऱ्याशेजारी धरले आणि विचारले, “बाई, साधना कट. जमलाय ना?”

जमला होता. भुवयांच्या वर बेताने उतरलेली झुलपे, मागे थोडा फुगवलेला अंबाडा, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाहेर ओढलेली काजळाची रेघ. मी विचारले, “असे केस तिने का कापले होते, ठाऊक आहे?” मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, “फॅशन म्हणून.”

उत्तर चुकीचे म्हणता येणार नाही. तरी ते माझ्या मनातून गेले नाही. गेली काही वर्षे मी पाहते आहे की नव्या फॅशनीला पुढे पाहण्याऐवजी मागे पाहण्याचा नाद लागला आहे. लग्नाच्या पत्रिकेपासून साडीच्या दुकानातल्या पुतळ्यापर्यंत सगळीकडे पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बायका परत आल्या आहेत. हे पाहून काही वडीलधाऱ्यांना आनंद होतो, काहींना हसू येते. मला मात्र एक प्रश्न पडतो, आणि तो केवळ कपड्यांचा नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही, सौंदर्यशास्त्राची परिभाषा मला येत नाही. पण मी कादंबऱ्या लिहिते, आणि आधीच्या लेखकांचे उसने घेतल्यावाचून कोणालाही लिहिता येत नाही एवढे मला अनुभवाने ठाऊक आहे. कित्येकदा असे होते की वाक्याची ढब साधते, वातावरण साधते, आणि पान वाचून पाहावे तर आत कोणीच नसते. उसने घेतलेले कधी आपले होते आणि कधी नुसतेच अंगावर राहते, हा तो प्रश्न. साधनाच्या केसांवरून तो मला थोडा उलगडला, म्हणून हे लिहिते आहे.

१९६० साली ‘लव्ह इन सिमला’ हा चित्रपट आला. दिग्दर्शक आर. के. नय्यर, पुढे साधनाने त्यांच्याशीच लग्न केले. साधना कराचीत जन्मलेली, फाळणीनंतर मुंबईत आलेल्या सिंधी कुटुंबातली मुलगी. तिचे कपाळ रुंद होते आणि कॅमेऱ्याला ते अधिकच रुंद दिसे. त्यावर उपाय म्हणून नय्यरांनी ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिचे पुढचे केस कापून कपाळावर आणवले. एवढीच या ‘साधना कट’ची जन्मकथा. मूळ कारण एक उणीव. ती झाकायची होती.

पण खरोखरच ती उणीव होती का? त्याच १९६० साली साधनाचा दुसरा एक चित्रपट आला, बिमल रॉय यांचा ‘परख’. त्यात ती खेड्यातली साधी मुलगी आहे. साधी साडी, मागे घेतलेले केस आणि उघडे कपाळ. तो चित्रपट पाहताना हे कपाळ फार मोठे आहे असे मनातही येत नाही. उलट त्या मोकळ्या कपाळाने त्या मुलीचा शांतपणा वाढतो. म्हणजे एकाच वर्षी, एकाच मुलीचे कपाळ एका दिग्दर्शकाला अडचण वाटले आणि दुसऱ्याला वाटले नाही. उणीव देहात नसते. त्या देहाकडून आपल्याला काय हवे आहे, यात ती असते. नय्यरांना सिमल्याच्या थंड हवेत वावरणारी आधुनिक मुलगी हवी होती, बिमल रॉयना गावातली एक सचोटीची मुलगी हवी होती. दोघेही आपापल्या गरजेशी प्रामाणिक राहिले, म्हणून दोन्ही चेहरे खरे वाटतात.

आता ज्या हेपबर्नकडून हे केस आले तिच्याकडे पाहू. ‘रोमन हॉलिडे’ १९५३ चा. त्यातली राजकन्या राजवाड्यातून निसटते आणि रोम शहरात एका न्हाव्याच्या दुकानात शिरते. न्हावी बिचारा एवढे लांब केस कापायला कचरतो, पुन्हा पुन्हा विचारतो. ती ‘आणखी, आणखी’ करीत कापून घेते. त्या एका दिवसातली तिची ही पहिली स्वतंत्र कृती. शेवटी ती कर्तव्य म्हणून राजवाड्यात परत जाते, पुन्हा भरजरी पोशाख घालते, पाहुण्यांशी ठरलेली वाक्ये बोलते. सगळे पूर्ववत होते, पण कापलेले केस पूर्ववत होत नाहीत. त्या दिवसाची दुसरी खूण कोणालाच दिसत नाही, केसांची मात्र सगळ्यांना दिसते. आखूड केसांना इतका अर्थ देणारा प्रसंग मला दुसऱ्या चित्रपटात आठवत नाही.

‘लव्ह इन सिमला’त तेच केस येतात, पण त्यांचा अर्थ पार पालटतो. इथली सोनिया घरात दुर्लक्षित, चुलत बहिणीपुढे फिकी पडणारी मुलगी आहे. बहिणीचा प्रियकर आपण जिंकून दाखवू अशी तिची पैज असते आणि त्यासाठी ती रूप पालटते. राजकन्येने केस कापले ते राजवाड्यातून सुटण्यासाठी. सोनिया ते कापते कोणाच्या तरी पसंतीला उतरण्यासाठी. चित्रपट म्हणून पाहिले तर ही घसरण आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. उसने घेताना नय्यरांनी केसांची लांबी घेतली आणि कात्री चालवणारी इच्छा रोममध्येच सोडली.

तरीही त्या चित्रपटातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सोनियाला धीर देणारी, तिच्या बाजूने उभी राहणारी तिची आजी आहे, आणि ही आजी आहे दुर्गा खोटे. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’तली तारामती. घरंदाज घरातल्या शिकलेल्या बाईने सिनेमात जायचे नाही, असा तो काळ; आणि दुर्गाबाई गेल्या. त्यांचे बोलणे, त्यांचे साडी नेसणे, त्यांची मान ताठ ठेवून चालण्याची पद्धत एका पिढीने डोळ्यांत साठवली. अठ्ठावीस वर्षांनी त्याच दुर्गाबाई पडद्यावर नव्या मुलीच्या मागे उभ्या राहतात. दुर्गाबाईंनी सोनियाला आपल्यासारखी साडी नेसायला लावली असती तर ती हास्यास्पद झाली असती. आजी नातीला आपले रूप देत नाही, हिंमत देते. मला वाटते, वारसा म्हणतात तो याला.

आणखी मागे गेले तरी हाच नियम दिसतो. मराठी बायकांनी रंगमंचावरून ज्यांची नक्कल केली ते बालगंधर्व तर पुरुष होते. १९११ च्या ‘मानापमाना’तल्या भामिनीपासून त्यांच्या शालूंची, दागिन्यांची, गजऱ्यांची नक्कल घराघरांत सुरू झाली. पुरुषाचा देह कुलीन स्त्री म्हणून उभा करायचा, तर पदराच्या एकेका निरीचा विचार त्यांना करावा लागला असणार. जन्माने बाई असलेल्या बाईला इतका विचार करायची गरजच पडत नाही. ती अडचण होती म्हणूनच ती ऐट निर्माण झाली.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते; तिच्यावाचून मला पुढचे म्हणता येणार नाही. माझ्या आईचे १९६७ सालचे एक छायाचित्र आहे. ती सोळा वर्षांची, आणि कपाळावर साधना कट. लहानपणी मला त्या छायाचित्राचे हसू यायचे. आईला बालपणी देवी आल्या होत्या आणि कपाळावर उजव्या बाजूला पाच-सहा खोल वण राहिले होते. १९७७ साली आपला देश देवीमुक्त ठरला, त्यामुळे आजच्या मुलींना तसा चेहरा पाहायलाही मिळत नाही. त्या काळी गल्लीत दोन घरे सोडून एक तरी असे. आईने मैत्रिणीबरोबर मिरजेला ‘मेरा साया’ पाहिला, घरी आली, आजीच्या शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली आणि न्हाणीघरात जाऊन केस कापले. आजोबा पंधरा दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

पुढे मुलगी दाखवायचे दिवस आले. प्रत्येक वेळी आत्याबाई तिची झुलपे काळ्या पिनांनी मागे बसवत. “मुलगी जशी आहे तशी दिसू दे, मागून बोल नको,” असे त्यांचे म्हणणे. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या वेळी पोह्यांची थाळी घेऊन बाहेर जाण्याआधी आईने दारामागे पिना काढल्या आणि झुलपे कपाळावर सोडली. ते माझे वडील. ते शेवटपर्यंत म्हणत असत की वण मला पहिल्याच दिवशी दिसले होते. आई म्हणे, खोटं आहे ते.

आता पाहा. नय्यरांच्या चित्रपटात ज्या केसांचा अर्थ उणा झाला होता, तोच मिरजेजवळच्या एका न्हाणीघरात पुन्हा भरून आला. आईने ‘रोमन हॉलिडे’ पाहिला नव्हता, त्याचे नावही ऐकले नव्हते. पण कात्री हातात घेताना तिला जो धीर करावा लागला तो सोनियापेक्षा त्या राजकन्येच्या धीराशी अधिक जवळचा. घराघरांतल्या किती मुलींनी असे केले असेल! कोणाचे कपाळ रुंद, कोणाला कोड, कोणाला नुसताच बापाचा जाच. त्यांनी सिनेमातून आकार घेतला आणि त्यात आपली गरज ओतली. म्हणून मला विरजणाची आठवण होते. विरजण शेजारणीकडून उसने आणण्यात कमीपणा कोणीच मानीत नाही. सगळ्या घरांतले दही कुठल्यातरी दुसऱ्या घरून आलेले असते. पण दूध आपले लागते. रिकाम्या भांड्यात चमचाभर विरजण घालून रात्रभर झाकून ठेवले तर सकाळी काय मिळणार?

या कसोटीवर भानू अथय्या यांचे काम मला फार मोठे वाटते. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातली ही मुलगी, जन्म १९२९ चा. जे. जे. कलाशाळेत शिकली, चित्रकार म्हणून नाव होऊ लागले असतानाच सिनेमाच्या पोशाखांकडे वळली. ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. २०२० साली त्या गेल्या. ‘वक्त’ या १९६५ च्या चित्रपटात त्यांनी साधनाला अंगासरशी बसणारा बिनबाह्यांचा कुर्ता आणि चुडीदार दिला, आणि पाहता पाहता तो कॉलेजातल्या मुलींचा पोशाख झाला. चुडीदार काही त्यांनी शोधलेला नव्हे, तो जुनाच. शिवणाऱ्याला ठाऊक असते की चुडीदार उरेब कापावा लागतो. कापड तिरपे धरले की त्याला ताण येतो आणि ते पायावर बसते. लांबी जास्त ठेवली की घोट्याशी चुण्यांच्या बांगड्या पडतात. हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे. अथय्यांनी त्यावरचा घोळ काढून टाकला, कुर्ता कमरेशी आवळला, आणि जुन्या वस्त्रात चपळ, शिकलेली, गाडी चालवणारी मुलगी उभी केली. आज ज्याला रेट्रो म्हणतात तेही एके काळी जुन्याचेच नवे रूप होते, हे आपण विसरतो.

१९६८ च्या ‘ब्रह्मचारी’त मुमताजने नेसलेली केशरी साडीही अथय्यांचीच. ती आज पुन:पुन्हा उसनी घेतली जाते. दरवर्षी कोणीतरी नटी तशी साडी नेसून मिरवते. पण मुळात तिथे एक व्यवहारी पेच होता. पाश्चात्त्य धर्तीच्या जलद तालावर नाचायचे, आणि तेही साडीत. निऱ्या सुटता कामा नयेत, पाय अडता कामा नये. म्हणून ती साडी अंगाबरोबर शिवून घेतली, तिला चेन लावली. नाचणारीच्या पायांचा विचार त्या साडीत आहे. आज ती नेसून जिन्याच्या पायरीवर नुसते उभे राहतात आणि छायाचित्र काढतात. पेचच उरला नाही, मग उत्तर कशाला?

इथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. बाजारात शिवलेली नऊवारी मिळू लागली तेव्हा मी वर्गात तिची यथेच्छ थट्टा केली होती. काष्टा म्हणजे काय चेन लावायची वस्तू आहे, असे मी म्हणे. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि काशीबाई-मस्तानी एकत्र नाचतात म्हणून बरेच वादंग माजले. इतिहासाचा तो आक्षेप रास्तच होता. पण त्यानंतर लग्नामुंजींत पेशवाई थाटाच्या नऊवाऱ्या दिसू लागल्या तेव्हा मी तोच आक्षेप त्यांनाही लावला, ते चुकले. आमच्या लेझीम पथकातल्या मुलींना पाच मिनिटांत कपडे बदलायचे असतात, नेसवायला घरात आजी नसते, आणि शिवलेल्या काष्ट्यातही पाय मोकळा राहतो. शेतात वाकणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या बाईला नऊवारीत जे हवे होते ते यांनाही मिळते. मुमताजच्या चेनला मी कौशल्य म्हणायचे आणि मुलींच्या चेनला थट्टा, हा न्याय नव्हे.

नुसत्या नकलेचे खरे परीक्षण मला एका करमणुकीच्या चित्रपटातच सापडले. २००७ च्या ‘ओम शांती ओम’मध्ये सत्तरीच्या दशकातल्या नट्यांचा सगळा थाट आहे आणि तो प्रेमाने केलेल्या विडंबनाचा आहे. त्यात शांतिप्रिया ही नटी मारली जाते. वर्षांनी तिच्यासारख्या दिसणाऱ्या सँडी नावाच्या पोरीला शांतिप्रियेचा वेष देतात, तिची चाल शिकवतात. खुन्याला घाबरवून सत्य वदवून घ्यायचा बेत असतो. वेष जुळतो, केस जुळतात, चेहरा तर तोच. तरी शेवटी न्याय होतो तो सँडीमुळे नव्हे. खरी शांतिप्रिया, तिचे भूत, येते तेव्हाच. चित्रपटाला हे म्हणायचे होते की नाही, कोण जाणे. पण त्याने ते म्हटले आहे. पोशाख दुसऱ्याला देता येतो, त्यातले दुःख देता येत नाही.

आणि ज्यांची नक्कल होते त्यांचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. थायरॉइडच्या विकाराने साधनाच्या डोळ्यांवर परिणाम झाला. उपचारासाठी ती अमेरिकेला गेली. पुढे सिनेमातून निवृत्त झाल्यावर तिने छायाचित्रे काढू देणे जवळजवळ बंद केले. लोकांनी आपल्याला पूर्वीसारखेच आठवावे, अशी तिची इच्छा होती. जिने एका उणिवेतून हजारो मुलींना मार्ग दाखवला, तिला पुढच्या उणिवेसाठी काही उपाय उरला नाही. पहिला उपायच तिचा पहारेकरी होऊन बसला. २०१४ साली मुंबईत मदतीसाठी भरलेल्या एका फॅशन शोमध्ये ती गुलाबी साडी नेसून, एका तरुण नटाचा हात धरून चालली. पुढच्या वर्षी डिसेंबरात ती गेली. मला त्या साधना कटपेक्षा हे चालणे थोर वाटते. पण त्याची नक्कल करायला कोणी मुलगी आली नाही, येणारही नाही.

इथवर मी मनात लेख जुळवला होता. गरज असेल तर उसने घेणे खरे, नसेल तर सोंग. आमच्या नववीच्या मुलीच्या कपाळावर वण नाही, तिच्या बापाने अबोलाही धरला नाही, तेव्हा तिचा साधना कट हे सोंग. असा निवाडा करून मी रविवारी आईकडे गेले आणि तिला सगळे सांगितले. आई आता पंच्याहत्तरीच्या घरात आहे. तिने शेंगा निवडता निवडता ऐकून घेतले.

“वणासाठी कापले ते खरंच,” ती म्हणाली. “पण नुसतं तेवढंच नाही गं. न्हाणीघरातल्या आरशाच्या तुकड्यात पाहिलं तेव्हा मी मला आवडले. त्याआधी कधी आवडले नव्हते.”

माझ्या विचारसरणीत ही गोष्ट बसत नव्हती. उणीव, अडचण, पेच असे सगळे मी मोजले. स्वतःला आरशात आवडून घेणे हीसुद्धा गरज असू शकते, ती मोजायची राहिली होती. चौदा वर्षांच्या मुलीला फोन धरून “जमलाय ना?” असे विचारावेसे वाटते, त्यात काय काय असेल हे मी तिला विचारलेच नव्हते. ‘फॅशन म्हणून’ हे उत्तर मास्तरणीला द्यायचे उत्तर असते. आईनेही आजोबांना याहून निराळे काही सांगितले नसेल. भांडे रिकामे आहे की त्यात दूध आहे, हे वरून झाकण पाहून मी ठरवले होते. माझा नियम खोटा आहे असे मला अजूनही वाटत नाही. पण तो लावायचा अधिकार ज्याच्या त्याला स्वतःपुरताच असतो. माझ्या कादंबरीतल्या उसन्या वाक्यांना मी तो अवश्य लावीन.

निघताना मी आईला त्या मुलीचे फोनवरचे छायाचित्र दाखवले. तिने चष्मा पुसून ते बराच वेळ पाहिले.

“डाव्या बाजूला जास्त कापलेत,” ती म्हणाली. “आणि ओले असताना कापलेले दिसतात, वाळले की वर चढतात. भुवईला टेकले पाहिजेत. घेऊन ये तिला एकदा.”